रोग कुणाच्या अंगावर रंगवायचा?

जेमतेम एक इंच उंचीच्या माणसाच्या अंगावर चिघळलेली जखम रंगवायची असेल, तर कोणकोणते रंग लागतात? प्रश्न विचित्र वाटेल. पण वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, एडिसन या पट्ट्यात राहणाऱ्या आणि घरात वयात आलेली मुलं असणाऱ्या वाचकांपैकी काहींना तो नवा नसेल. तुमच्याही बेसमेंटमध्ये एखादं टेबल असेल, त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, रंगांच्या छोट्या बाटल्या, पाण्याचा मळलेला ग्लास, आणि रांगेत उभे केलेले अर्धवट रंगवलेले प्लास्टिकचे सैनिक. आज मला तुमच्याशी त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यांच्या आडून एका जुन्या प्रश्नाबद्दल.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९८३पासून ‘वॉरहॅमर’ नावाचा युद्धाचा खेळ विकते. १९८७मध्ये त्याची अंतराळातली आवृत्ती आली. सैनिकांचे सुटे भाग आणायचे, जोडायचे, स्वतः रंगवायचे, आणि मग मोजपट्टी व फासे घेऊन टेबलावर लढाई मांडायची. कित्येकांना लढाईपेक्षा रंगवण्यातच जास्त रस असतो. या खेळात नर्गल नावाचा रोगराईचा देव आहे. त्याचे सैनिक फुगलेले, फुटलेले, पू गळणारे, माश्या घोंघावणारे. गंमत म्हणजे त्याचे भक्त त्याला आजोबा म्हणतात, आणि तोही मोठ्या मायेनं लेकरांना नवनवे रोग वाटत असतो. या सैन्याची कातडी जितकी खरी वाटेल तितकी रंगवणाऱ्याची वाहवा होते.

आमच्या घरी हे काम चालतं, त्यामुळे पद्धत मी जवळून पाहिली आहे. करड्या प्लास्टिकवर आधी प्रायमरचा फवारा. मग कातडीचा मूळ रंग, तो मुद्दाम फिकट, मेणासारखा. तो वाळला की पाण्यासारखा पातळ गडद रंग वरून सोडायचा. याला वॉश म्हणतात. तो खोबणींत उतरतो आणि फासळ्या, सुरकुत्या उठून दिसायला लागतात. मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. खरं कसब यापुढे. जखमेभोवतीची कातडी एकदम लाल करायची नसते. आधी जांभळट, मग लालसर, कडेला पिवळट, असे इतके पातळ थर द्यायचे की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळू नये. ओलेपणा दाखवायला शेवटी चमकदार वार्निशचा एक ठिपका. नर्गलच्याच नावाचा हिरवट, चिकट दिसणारा तयार रंगसुद्धा बाजारात मिळतो.

हे वाचून तुमच्यातले काही जण म्हणतील, ‘शी! मुलांना दुसरं काही सुचत नाही का?’ काही जण म्हणतील, ‘प्लास्टिकचा राक्षस आहे, त्यानं कुणाच्या अंगाला भोकं पडतात का?’ दोन्ही उत्तरं पटकन सुचणारी आहेत, आणि दोन्हींमुळे विचार तिथेच थांबतो. पहिल्या उत्तरात किळस हाच निर्णय ठरतो. दुसऱ्यात प्रश्नच मोडीत निघतो. आपण जरा थांबू.

किळसेपासून सुरुवात करू. आपल्या परंपरेनं किळसेला कलेच्या बाहेर काढलेलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांमध्ये बीभत्स आहे आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव आहे. भरतानं प्रत्येक रसाला एक देवता आणि एक रंग दिला आहे. बीभत्साची देवता महाकाल, आणि रंग निळा. म्हणजे किळसवाण्या गोष्टीकडे कलेतून पाहण्यात एक आस्वाद आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी मान्य झालं होतं. शृंगार आणि वीर यांच्या पंगतीत बीभत्सालाही पाट मांडलेला आहे. तेव्हा बेसमेंटमध्ये बसून पू रंगवणाऱ्या मुलाचं काहीतरी बिघडलं आहे, असं मानायचं कारण नाही. त्याला रसाची ओळख होते आहे, इतकंच.

मला तर यात एक गुणही दिसतो. आपण बाकीचे लोक रोगट कातडीकडे पाहतच नाही. नजर टाळतो. रंगवणारा मात्र तासन् तास तिच्याकडे पाहतो. जुन्या जखमेचा रंग नव्या जखमेपेक्षा वेगळा, सुजेवरची कातडी ताणून चमकते, कातडी म्हणजे एकच एक रंग कधी नसतो, हे त्याला कळतं. नजर न चुकवता पाहायला शिकणं ही लहान गोष्ट नाही.

मग अडचण कुठे येते? ती ‘खरी वाटेल अशी’ या शब्दांपाशी येते. हिरवा, शिंगं असलेला राक्षस कुणाचाच नातेवाईक नसतो. पण कातडी खरी दिसू लागली की ती कुणाची तरी असते.

कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या, कारण ‘सडलेली कातडी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते बहुधा त्याचंच असतं. हा रोग एका जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या हान्सेननं तो १८७३मध्ये शोधून काढला. त्याचा मुख्य हल्ला कातडीवर आणि मज्जातंतूंवर असतो. सुरुवातीला बहुधा एक फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो, ज्यावर स्पर्श कळत नाही. दुखत नाही, खाजत नाही. बोटं झडतात, मांस सडतं, असं आपण समजतो. पण वेल्लोरला अनेक वर्षं काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बहुतेक इजा वेदना न जाणवल्यामुळे होते. गरम भांडं हातात राहतं, चपलेतला खिळा टोचतो आणि कळत नाही, जखमेवरच दिवसभर चालणं होतं. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकाहून अधिक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. त्यानं सहा महिने ते वर्षभरात हा रोग बरा होतो. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात.

मग ती चिघळलेली जखम नेमकं काय दाखवते? वेळेवर औषध न मिळाल्याचं, घरातून बाहेर काढल्याचं, कुणी जवळ बसून पाय धुऊन न पाहिल्याचं ते चित्र आहे. खरा दिसणारा रोग रंगवताना आपण बहुतेकदा खरं दिसणारं दुर्लक्ष रंगवत असतो, आणि त्याला राक्षसीपणाची खूण म्हणून वापरत असतो. दुर्लक्ष करणारे दुसरे, आणि खूण मात्र दुर्लक्ष झालेल्याच्या अंगावर.

बाबा आमट्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. वरोऱ्यात गटाराकाठी पावसात पडलेला तुळशीराम त्यांना दिसला, आणि कशालाही न घाबरणारा तो माणूस तिथून पळाला. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. मग ते परत आले. १९४९मध्ये आनंदवनाची सुरुवात झाली. या गोष्टीतल्या पळण्याकडे मी नेहमी जास्त लक्ष देते. किळस त्यांनाही आली होती. ती येणं आपल्या हातात नसतं. तिच्यानंतर काय करायचं, तिथून पुढे प्रश्न सुरू होतो.

रोगट कातडी हुबेहूब रंगवण्याचं काम महाराष्ट्रात पूर्वीही झालं आहे, वेगळ्या कारणासाठी. हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव कदाचित ऐकलं नसेल, पण घरात कुणी डॉक्टर असेल तर त्यांची चित्रं नक्की पाहिली असतील. ‘ग्रेज् अॅनाटमी’ या १८५८च्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं त्यांनी काढली. पुस्तक ग्रेच्या नावानं जगभर गेलं आणि कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षं काढली, कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेलाही जाऊन आले. १८७४मध्ये त्यांचा कुष्ठरोग आणि हत्तीरोगावरचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीराची जगप्रसिद्ध चित्रं काढणारा हात आपल्याकडच्या गरीब रुग्णांचे चट्टे, गाठी, वाकडी झालेली बोटं टिपत होता. रंग तेच, निरीक्षण तेच, हेतू मात्र ओळखण्याचा. चट्टा कसा दिसतो हे दुसऱ्या डॉक्टरला कळावं म्हणून.

पण नुसतं नीट पाहिल्यानं माणूस वाचतो असंही नाही. कार्टर गेले १८९७मध्ये. पुढच्याच वर्षी, म्हणजे जिवाणू सापडल्यावर पंचवीस वर्षांनी, हिंदुस्थानात महारोग्यांचा कायदा झाला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या रुग्णाला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात डांबण्याची सोय त्यात होती. तो कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून २०१९मध्ये वगळलं गेलं. चित्रं अचूक होती, औषध आलं होतं, तरी नजर तिथेच राहिली.

इथे एक व्यवहारातला प्रश्न येतो. मुलं नमुना म्हणून इंटरनेटवर फोटो शोधतात. शोधलं की रुग्णांचे खरे फोटो समोर येतात. कुणीतरी बरं होण्यासाठी डॉक्टरपुढे अंग उघडं केलं, शिकवण्याच्या कामी यावा म्हणून फोटोला संमती दिली. त्या माणसाची मांडी किंवा पाठ बघून राक्षस रंगवायचा का? कायदा याबद्दल काही म्हणो, मला ते उसन्या घेतलेल्या वस्तूचा भलताच वापर करण्यासारखं वाटतं. आमच्या घरचा नियम सोपा आहे: पेशंटचा फोटो चालणार नाही, सडलेलं केळं चालेल. आणि केळ्यात, भिजलेल्या भिंतीच्या पोपड्यात, बुरशी आलेल्या संत्र्यात, गंजलेल्या पत्र्यात लागतील तितके रंग सापडतात. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्वचारोगांचे मेणाचे हजारो हुबेहूब नमुने आहेत. ते बनवणारा ज्यूल बारेता आधी कागदाच्या लगद्याची फळं करून विकत असे. ती फळं पाहूनच एका डॉक्टरनं त्याला बोलावून घेतलं. तो फळांकडून कातडीकडे गेला. आपल्या मुलांना उलट्या वाटेनं जायला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट या फोटोंत दिसते. पाश्चात्त्य पुस्तकांतली रोगट कातडी बहुतेक गोरी असते. लाल पुरळ, गुलाबी चट्टा, ही वर्णनं गोऱ्या अंगाची आहेत. तुमच्या-माझ्या सावळ्या कातडीवर तीच सूज जांभळी, तपकिरी किंवा करडी दिसते. मालोन मुकवेन्डे या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं २०२०मध्ये काळ्या-सावळ्या कातडीवर लक्षणं कशी दिसतात याची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तो लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकत होता. कार्टर जिथे शिकले तीच ही संस्था. दीडशे वर्षांपूर्वी साताऱ्यात सावळी कातडी रंगवणाऱ्या माणसाच्या कॉलेजात ही आठवण पुन्हा करून द्यावी लागली. कुणाची कातडी ‘कातडीचा रंग’ म्हणून बाटलीत भरली जाते, हाही प्रश्न मुलांनी ब्रश हातात असताना विचारावा.

आता थोडं आपल्या गावाकडे वळू. वेस्ट विंडसरमध्ये राक्षस एकदा येऊन गेला आहे. ३० ऑक्टोबर १९३८च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या रेडिओ-नाटकात मंगळावरचे लोक उतरले ते ग्रोव्हर्स मिलला, म्हणजे आपल्याच टाउनशिपमध्ये. व्हॅन नेस्ट पार्कमध्ये १९८८मध्ये बसवलेलं त्याचं स्मारक तुम्ही फिरायला जाताना पाहिलं असेल. नाटकात यानाचं झाकण उघडतं, आणि वार्ताहराच्या तोंडी आधी त्या प्राण्याचं ओलं, चकाकणारं अंग आणि लाळ गळणारं तोंड येतं. तो बोललेला नसतो, त्यानं अजून काही केलेलं नसतं. पण त्याची कातडी ऐकूनच श्रोत्याला कळतं की हा शत्रू आहे. मात्र मूळ कादंबरी लिहिणारे एच. जी. वेल्स पुढे गेले होते. त्यांच्या गोष्टीत मंगळवासी मरतात ते आपल्या साध्या जंतूंमुळे, ज्यांची सवय त्यांच्या शरीराला नव्हती. तोफांना जे जमलं नाही ते रोगानं केलं. ही कादंबरी पुस्तकरूपात आली १८९८मध्ये, महारोग्यांच्या कायद्याच्याच वर्षी. रोग कुणा एका बाजूचा नसतो, हे गोष्टीत सांगून झालं होतं. आपण मात्र वर्णनातली कातडी तेवढी लक्षात ठेवली.

हे फक्त पाश्चात्त्यांचं नाही. कृष्णाचा मुलगा सांब याला शापानं कुष्ठ झालं, ही पुराणकथा आपली. पाप अंगावर फुटतं, हे वाक्य आपलं. ‘महारोग’ हा शब्द आपला. कोड हा संसर्गजन्य नाही, त्यानं जिवाला अपाय होत नाही, हे माहीत असूनही स्थळ पाहताना तो लपवणारी किंवा शोधणारी माणसं आपलीच. सेवाग्रामला गांधीजींनी ज्यांची शुश्रूषा केली ते परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि कुष्ठरोगी होते. त्या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे समजायला आपल्या समाजाला जड गेलं.

आणि याच भाषेनं एका रोगाला देवीचं नाव दिलं. अंगावर देवी आल्या, असं आपण म्हणायचो. लस टोचण्यालाही ‘देवी काढणं’ म्हणायचो. रोग पाहुणी म्हणून येतो, त्याचा मान ठेवायचा, असा तो भाव. आमच्या बेसमेंटमधला नर्गल आजोबा या भावाचा लांबचा नातेवाईक शोभेल. १९७५मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, १९८०मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि देवी फक्त देवळात उरली.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर एक मोठा. मला तो चेहरा तसाच माहीत होता. लहानपणी तिच्या मांडीवर झोपून मी ते खड्डे बोटानं मोजायचे. लग्नानंतर स्टुडिओत काढलेल्या तिच्या फोटोत मात्र गाल नितळ आहेत. त्या काळी फोटोग्राफर निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करून असे डाग घालवत. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. माझा मुलगा पणजीला त्या फोटोतूनच ओळखतो, म्हणजे तो तिला ओळखत नाही. मायेच्या माणसाची कातडी आम्ही नितळ करून ठेवली, आणि तोच मुलगा खाली बसून शत्रूच्या कातडीवर एकेक खड्डा प्रेमानं रंगवतो आहे.

हे फक्त आमच्या घरात होतं असं नाही. प्रिन्स्टनचं रणांगण आपल्या शेजारीच आहे. ३ जानेवारी १७७७ला तिथे लढलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनला एकोणिसाव्या वर्षी, १७५१मध्ये, बार्बेडोसला देवी आल्या होत्या आणि चेहऱ्यावर व्रण राहिले होते. त्या लढाईनंतर तो न्यू जर्सीतल्याच मॉरिसटाउनला मुक्कामाला गेला, आणि तिथून फेब्रुवारीत त्यानं सगळ्या सैन्याला देवीविरुद्ध टोचून घेण्याचा हुकूम काढला. हा रोग काय करतो हे त्याला स्वतःच्या कातडीवरून ठाऊक होतं. पण त्याची बहुतेक चित्रं पाहा, डॉलरची नोट पाहा, चेहरा नितळ. त्याचे लहान सैनिकी पुतळेही मिळतात. ते रंगवणारे लोक कोटाच्या बटणाची छटा जुळवायला आठवडा घालवतात आणि गाल मात्र गुळगुळीत ठेवतात.

म्हणजे पाहा, ज्याच्या चेहऱ्यावर खरोखर व्रण होते त्याचे आपण पुसले, आणि जो कधी जन्मलाच नाही त्याच्या अंगावर खऱ्यासारखे उमटवले. वास्तव रंगवण्याला माझा आक्षेप नाही. ते फक्त दुष्टांच्या वाट्याला येतं, याला आहे. शंभर पुतळ्यांमध्ये रोगट कातडी नेहमी एकाच बाजूला दिसली, तर पाहणाऱ्याचा हात नकळत एक नियम शिकतो. तो नियम प्लास्टिकपुरता राहत नाही. तो शाळेच्या बसमध्ये, सोरायसिस असलेल्या मुलीशेजारची जागा रिकामी राहते तिथे पोचतो.

तुम्ही म्हणाल, मग बंदी घालायची का? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१८मध्ये जाहीर केलं की खलनायकाची खूण म्हणून चेहऱ्यावर व्रण दाखवणाऱ्या चित्रपटांना आपण पैसे देणार नाही. चेहऱ्यावर व्रण असलेल्या लोकांच्या मोहिमेला दिलेला तो पाठिंबा होता. त्यामागचं दुःख मला पटतं. घरात मात्र मी बंदीच्या बाजूची नाही. बंदी घातली तर सगळेच पुतळे नितळ होतील, सगळ्यांचे फोटो आजीच्या फोटोसारखे होतील, आणि रोगट कातडीकडे नीट पाहणारी जी थोडी मुलं आहेत तीही पाहायची थांबतील. पाहणं कमी करून काही साधणार नाही.

खेळणाऱ्यांचा एक आक्षेप रास्त आहे. टेबलावर तीन फुटांवरून शत्रू कोण हे एका दृष्टिक्षेपात कळायला हवं, त्यासाठी काही खुणा लागतातच. लागू द्या. पण कुठल्या? रोग वाटणाऱ्या देवाच्या सैन्याची ओळख त्याच्या झेंड्यावरून, चिलखतावरून, हातातल्या शस्त्रावरून, तो काय करतो आहे यावरून पटू शकते. आणि विचार केला तर त्या कथेतला खरा दुष्टपणा अंगावर रोग असण्यात नाहीच. तो रोग दुसऱ्याला मुद्दाम देण्यात आहे. निरोगी, तुकतुकीत, गोरागोमटा सरदार हातात रोगाची कुपी घेऊन उभा केला, तर तो कितीतरी जास्त भीतिदायक दिसेल. इतिहासात अशी माणसं होऊन गेली आहेत, आणि त्यांची कातडी ठणठणीत होती.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना रंगवू द्या, हुबेहूब रंगवू द्या, किळस येईल इतकं चांगलं रंगवू द्या. फक्त रांगेतल्या चांगल्या बाजूकडेही एकदा बोट दाखवून विचारा की यांच्यात कुणालाच कधी काही झालं नाही का? एखाद्या शूर सेनापतीच्या हातावर कोड असू दे. एखाद्या वैद्याच्या गालावर व्रण असू देत. आणि जो रोगट आहे त्याच्या डोळ्यांत थोडं माणूसपण असू दे. इतक्या लहान पुतळ्याचे डोळे रंगवणं सर्वांत अवघड, म्हणून पुष्कळ जण ते नुसते लाल करून सोडून देतात.

व्रण रंगवणं त्या मानानं सोपं आहे. चेहरा तुरीच्या डाळीएवढा असतो. मूळ रंगापेक्षा थोडी गडद छटा घ्यायची, सर्वांत बारीक ब्रशच्या टोकानं पाच-सहा ठिपके द्यायचे, आणि प्रत्येक ठिपक्याच्या खालच्या कडेला फिकट रंगाचा केसाएवढा स्पर्श करायचा. खड्डा दिसायला लागतो. वॉशिंग्टनच्या पुतळ्यावर करून पाहा. तो आधीपेक्षा जास्त ओळखीचा वाटेल.